चित्रओळ

यवतमाळात राहणाऱ्याने गायतोंडे पाहिलेला असतो तो छापलेला. वासुदेव गायतोंडे जन्मले नागपुरात, १९२४ साली. म्हणजे इथून तीन-चार तासांवर. चित्रं मात्र मुंबईला, दिल्लीला, परदेशात. २०१४ साली न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन मांडलं, त्याची बातमी इथवर आली. बातमीसोबत चित्र आलंच असेल तर ते तळहाताएवढं. पिवळं की भगवं, ते त्या दिवशीच्या शाईवर अवलंबून. तेवढ्यावरून इथल्या माणसाने अमूर्त चित्रकलेबद्दल मत बनवलेलं असतं. मत ठाम असतं.

*

नव्या कलेवर, आरेखनावर, वास्तुरचनेवर पुस्तिकामाला काढणाऱ्या संपादकाने आधी एक ठरवावं: वाचक कोणता? मोठ्या शहरातल्या वाचकाला पुस्तक चित्राची आठवण करून देतं. लहान गावातल्या वाचकाला ते चित्र पहिल्यांदा दाखवतं, आणि बहुधा शेवटचंही. दोघांसाठी म्हणून केलेलं काम नेहमी पहिल्याच्याच सोयीचं होतं.

*

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचल्या, वऱ्हाडातल्या वाड्यांतही. देवाच्या तसबिरीखाली माप लिहावं लागत नाही. ती भिंत देईल तेवढी होते आणि तरी देवच राहते.

अमूर्त चित्राला माप लागतं. पाच फूट उंच कॅनव्हाससमोर उभं राहिलं की जे होतं, ते पाच सेंटिमीटरच्या छपाईत होत नाही. तिथे डाग उरतो, आणि वाचक म्हणतो, असलं तर आमचा नातू काढेल. नातू काढेलही. पाच फुटांवर काढणार नाही, एवढंच सांगायचं कुणीतरी विसरलेलं असतं. ते सांगण्याची जागा म्हणजे चित्राखालची ओळ. सर्वांत लहान टाइपात, सर्वांत शेवटी, सर्वांत घाईत लिहिलेली.

*

चित्राखाली पाच गोष्टी हव्यात. नाव, साल, माध्यम, माप, आणि आज ते कुठे आहे. पाचवी गोष्ट बहुतेक ठिकाणी गाळतात. ती असली की दूरच्या वाचकाला कळतं, आपल्याला कुठवर जावं लागेल. जाणार नाही, हेही कळतं. दोन्ही उपयोगाचं.

उंची आधी की रुंदी आधी, हे पहिल्या पुस्तिकेला ठरवावं आणि विसाव्या पुस्तिकेपर्यंत मोडू नये. बंडखोर मजकुराला असला कारकुनी नेम लागतो. पान स्वच्छंद असेल तर सूची कडक हवी. आतले लोक सगळे नियम मोडत असतात. बाहेरून धरणारा एक तरी माणूस लागतो.

*

मातिसचं ‘ल बातो’ न्यू यॉर्कच्या मोमा संग्रहालयात १९६१ साली ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. जगातल्या जाणत्यांनी ते पाहिलं आणि पुढे गेले. मग जिल्ह्याच्या गावातल्या छापखान्याने एखादं चित्र फिरवलं तर त्याला हसण्याचं कारण नाही. प्रूफावर बाण काढावा आणि शेजारी लिहावं: वर.

*

भिंग घेऊन जुन्या मासिकातलं चित्र पाहावं. तिथे चित्र नसतंच, ठिपके असतात. वर्तमानपत्री कागदाला इंचाला ६५ ओळींची जाळी, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५० ची. साध्या कागदावर बारीक जाळी वापरली की शाई पसरते, ठिपके एकमेकांत शिरतात, आणि चित्रकाराने आठवडाभर जपलेला करडा रंग एका रात्रीत काळा होतो. त्या काळ्यावर मग समीक्षक लिहितो: चित्रात एक गूढ अंधार आहे.

आर्ट पेपर घ्यावा तर किंमत चढते आणि ज्याच्यासाठी खटाटोप तोच वाचक गळतो. हा तिढा सुटत नाही. त्याच्या कडेने जाता येतं. रेषेची चित्रं, इमारतींचे आराखडे, अक्षरांचे नमुने साध्या कागदावर घ्यावेत. छटांची चित्रं मधल्या आठ पानांत. पाउल क्लेने विद्यार्थ्यांसाठी केलेलं १९२५ चं रेखाटनांचं पुस्तक कसल्याही कागदावर तग धरतं, कारण त्यात सगळा कारभार रेषेचा आहे. गरीब मालिकेने रेषेवर प्रेम करावं. प्रेम नाइलाजाने सुरू झालं म्हणून खोटं ठरत नाही.

*

क्लेचं ते पुस्तक ज्या मालिकेत निघालं तिचं नाव ‘बाउहाउसब्यूशर’, बाउहाउस या जर्मन कलाशाळेची पुस्तकं. संपादक दोन: वास्तुकार वाल्टर ग्रोपिउस आणि चित्रकार-छायाचित्रकार लास्लो मोहोली-नाज. प्रकाशक म्युनिकची आल्बर्ट लांगेन ही संस्था. सुरुवात १९२५ ला, शेवट १९३० च्या सुमारास. चौदा पुस्तकं. क्ले, कांडिन्स्की, मोंद्रियान, मालेविच, काही इमारतींवर, एक रंगभूमीवर, एक कार्यशाळेतल्या दिव्यांवर आणि भांड्यांवर. कलावंताशेजारी चहाची किटली बसवली, हीच त्या मालिकेची मुख्य गोष्ट. बाकीचं सिद्धान्त.

जाहीर केलेल्या यादीत ल कॉर्ब्युझिए होता, श्विटर्स होता, दादावाद्यांतला त्सारा होता, भविष्यवाद्यांचा मारिनेत्ती होता. ती पुस्तकं निघाली नाहीत. यादीत संपादक दिसतो. छापलेल्या पुस्तकांत त्याची परिस्थिती. पुढे अभ्यास होतो तो दुसऱ्याचा. पहिल्याचाही व्हावा. न निघालेल्या पुस्तकांनीही मालिकेला आकार दिलेला असतो, निदान संपादकाच्या झोपेला तरी.

*

त्याच दशकात, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन यवतमाळ–मूर्तिजापूरच्या अरुंद रुळांवर आलं आणि १९९४ पर्यंत ओढत राहिलं. लोक त्या गाडीला शकुंतला म्हणतात. या वाटेने कापूस बाहेर गेला. क्ले आत आला नाही.

तक्रार म्हणून हे लिहीत नाही. रूळ ज्याने टाकले त्याला कापूस हवा होता.

*

कलकत्त्याला मात्र बाउहाउसची मूळ चित्रं आली होती. डिसेंबर १९२२, इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचं प्रदर्शन. क्ले, कांडिन्स्की, फायनिंगर, आणि सोबत आपले गगनेंद्रनाथ टागोर. म्हणजे देशात नव्या कलेची मूळ प्रत येते ती अशी: एका शहरात, काही दिवस, एकदा. पुढची शंभर वर्षं बाकी देश छापलेल्यावर काढतो.

*

मालेविचचं पुस्तक १९२७ चं, मालिकेतलं अकरावं. आरंभी संपादकांनी स्वच्छ नोंद टाकली आहे: काही मूलभूत प्रश्नांवर या लेखकाची भूमिका आमच्यापेक्षा वेगळी आहे, तरी हे पुस्तक काढताना आम्हाला आनंद होतो.

इतकी सभ्य नोंद मी क्वचित पाहिली आहे. आपल्याकडे मतभेद असला की लेख परत जातो, नाहीतर लेख छापून संपादकीयात त्याचा समाचार घेतला जातो. तिसरा मार्ग असतो: छापावं, आणि पटत नाही हे दोन ओळींत सांगून बाजूला व्हावं. त्यासाठी संपादकाला स्वतःचं मत असावं लागतं आणि ते मत फार प्रिय नसावं लागतं. पहिली गोष्ट पुष्कळांजवळ असते.

*

खिळ्यांच्या छपाईत कोरी जागा कोरी नसते. जिथे शाई लागायची नाही तिथेही शिशाचे ठोकळे, पट्ट्या, लाकडाच्या कांड्या भरून पान घट्ट आवळावं लागतं, नाहीतर सगळे खिळे सांडतात. मोहोली-नाजच्या पानावरचा तो प्रसन्न पांढरा भाग धातूने भरलेला होता. रिकामेपणाला वजन असतं, हे तत्त्वज्ञांच्या आधी जुळाऱ्याला ठाऊक होतं.

देवनागरीत तर शेकड्यांनी खिळे: अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या. जुळारी उभा राहून त्या खणांतून हात फिरवी. अशा माणसापुढे पाऊण पान कोरं आणि कोपऱ्यात चार ओळी, असा आराखडा ठेवला की संभाषण ठरलेलं.

“भाऊ, इथं काई राह्यलं का?”

“नाही. कोरंच ठेवायचंय.”

“ठेवू नं. पण पैसे पुऱ्या पानाचेच लागतीन.”

हा हिशेब बरोबर होता. नव्या मांडणीची सर्वांत समजूतदार समीक्षा मला याच वाक्यात दिसते: कोऱ्या जागेलाही पूर्ण पानाइतकीच मजुरी पडते. ज्याला ती देववत नाही त्याने पान भरून टाकावं.

आता पडद्यावर कोरी जागा फुकट मिळते. म्हणून इतकी वाईट असते.

*

रघुनाथ कृष्ण जोशी, ज्यांना सगळे र. कृ. जोशी म्हणत, त्यांनी अक्षरांची चित्रं केली, चित्रांची कविता केली, जाहिरातीत नोकरी केली, पवईच्या आयआयटीत शिकवलं, आणि संगणकासाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक केला. तालुक्याच्या कचेरीतला अर्ज, सातबाऱ्यासोबत जोडलेलं पत्र, शाळेची सूचना यांत हा टंक वर्षानुवर्षं दिसत आला. प्रयोगशील माणसाचं काम सगळ्यांत दूरवर पोहोचतं तेव्हा त्यावर त्याचं नाव नसतं. चित्रओळ नसलेलं हेच एक प्रदर्शन मला मान्य आहे.

*

मुंबईत मुल्कराज आनंद यांनी ऑक्टोबर १९४६ मध्ये ‘मार्ग’ सुरू केलं. भोवती वास्तुकार होते: ओटो कोनिग्सबर्गर, मिनेट डी सिल्वा. स्वातंत्र्य यायला काही महिने होते आणि ही मंडळी नव्या देशाची घरं कशी असावीत यावर अंक काढत होती. १९६५ च्या एका अंकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० ला सिडको स्थापन झाली. अंकामुळे नवी मुंबई झाली म्हणणं हे कोंबड्यामुळे उजाडलं म्हणण्यापैकी. पण कोंबडं वेळेवर आरवलं होतं, आणि त्याचा आवाज छापील होता.

‘मार्ग’ इंग्रजीत. त्यामुळे खाडीपलीकडच्या शहराची चर्चा खाडीपलीकडच्या आगरी-कोळी माणसाला वाचता येईल अशी नव्हती. पुढे जमिनी गेल्या तेव्हा त्याला बातमी वेगळ्या मार्गाने कळली. वास्तुरचनेच्या मालिकेत जमीन कुणाची, ही ओळ आराखड्याखाली असावी. मापाच्या शेजारी.

*

मराठीत या विषयाची पुस्तकं मोजकी, पण त्यातली काही अस्सल. द. ग. गोडसे यांचं ‘पोत’ १९६३ चं. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९० चं. चित्रकाराने मराठीतच विचार करून लिहिलेलं, त्याला तर्जुम्याचा वास नाही. सतीश नाईक यांनी १९८७ मध्ये ‘चिन्ह’ काढलं, मध्ये ते थांबलं, पुन्हा सुरू केलं, आणि गायतोंड्यांच्या मागे इतकी वर्षं लागले की शेवटी त्याचा जाडजूड ग्रंथ झाला. वार्षिक अंकाने एखाद्याचा असा पिच्छा पुरवणं ही संपादनाची फार दुर्मीळ तऱ्हा. बहुतेक संपादक विषय बदलतात आणि त्याला व्याप्ती म्हणतात.

*

चित्रकाराच्या लेखातलं व्याकरण सुधारावं. वाक्य सुधारू नये. तो अडखळतो तिथेच बहुधा चित्र असतं.

समीक्षकाच्या लेखात ‘अवकाश’ हा शब्द सहाव्यांदा आला की त्याने चित्र कुठे पाहिलं ते विचारावं. उत्तर अनेकदा ‘पुस्तकात’ असं असतं. मग त्याला आपल्यातलाच म्हणून सोडून द्यावं, आणि पाच अवकाश काढावेत.

*

१९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढलं ते सायक्लोस्टाइल करून. मेणकागदावर टंकन करायचं, चुकलं तर लाल द्रव लावून वाळेपर्यंत फुंकर घालायची, मग रूळ फिरवायचा. साठच्या दशकात ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ आणि आणखी कितीतरी. अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, राजा ढाले. १९६९ ला ढाल्यांनी आणि मित्रांनी ‘सत्यकथा’चा अंक जाळला. जाळण्याइतकं महत्त्व त्या मासिकाला होतं, हे दोन्ही बाजूंना मान्य असावं. आज कुणी एखाद्या मासिकाचा अंक जाळायला निघाला तर आधी तो कुठे मिळतो याची चौकशी करावी लागेल.

या अनियतकालिकांबद्दल आपण नेहमी साहित्याच्या अंगाने बोलतो. ती आरेखनाचीही गोष्ट होती. कोलटकर जे. जे.त शिकलेले, जाहिरातीतले नावाजलेले कलादिग्दर्शक. १९७६ ला ‘क्लिअरिंग हाउस’च्या कवितासंग्रहांची रूपं त्यांनी केली, त्यांत त्यांचं स्वतःचं ‘जेजुरी’. मराठी पुस्तकं शहाण्यांच्या ‘प्रास’कडून. ओळ कुठे तुटावी हे कवी ठरवतो आणि पान कुठे संपावं हे छापखाना, अशी वाटणी त्यांना मान्य नव्हती. ‘जेजुरी’चं पहिलं हस्तलिखित एका अनियतकालिकाच्या संपादकाकडून गहाळ झालं होतं, म्हणून ते पुन्हा लिहावं लागलं. संपादकांनी मराठी-इंग्रजी कवितेवर केलेल्या उपकारांत हा एक धरावा की नाही, ते पहिला खर्डा वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

*

बडोद्याला गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ ‘वृश्चिक’ चालवलं. चित्रं कशी छापायची? त्यांनी लिनोकट घेतले. लिनोलियम कोरायचं, शाई लावायची, दाबायचं. यात गंमत अशी की लिनोकटाची मूळ प्रत दुसरीकडे कुठे टांगलेली नसते. छापलेला कागद हीच मूळ प्रत. टपालाने ज्याला अंक गेला त्याच्या घरी चित्र गेलं. चित्राची हकीकत नव्हे.

यवतमाळहून विचार करणाऱ्याला यापेक्षा मोठा शोध सापडणार नाही. गायतोंडे इथे येणार नाहीत. पण छपाईसाठीच केलेलं काम येऊ शकतं, पूर्ण मापात, खिशाला परवडून. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठं लोकांनी कापून चौकटीत बसवली, ती छापण्यासाठीच रंगवलेली होती, म्हणून कापल्याने त्यांचं काही कमी झालं नाही. मालिकेच्या प्रत्येक पुस्तिकेत एक पान असं असावं की जे फाडून भिंतीला लावता येईल आणि ज्याच्या चित्रओळीत पाचव्या जागी लिहिता येईल: तुमच्या हातात.

*

पैसे भरून टपालातून सोडवायची व्ही.पी. परत येणं हा समीक्षेचा सर्वांत प्रामाणिक प्रकार. त्यात विशेषणं नसतात.

*

छापण्याच्या बाबतीत यवतमाळ कोरं नाही. बापूजी अण्यांनी १९१८ मध्ये ‘लोकमत’ इथूनच सुरू केलं. नाव टिळकांनी सुचवलेलं. १९७३ चं साहित्य संमेलन इथे झालं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. त्याच्या आदल्या वर्षी ‘गोलपिठा’ हा विद्रोही कवितासंग्रह आला होता. दोन्ही गोष्टी एकाच भाषेत घडत होत्या. एकमेकांना भेटल्या नसाव्यात.

२०१९ चं संमेलनही यवतमाळात. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं बोलावणं गेलं आणि मागे घेतलं गेलं. उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. न झालेलं भाषण छापून आलं, हातोहात फिरलं, आणि मांडवात झालेल्या कितीतरी भाषणांपेक्षा जास्त वाचलं गेलं. तेव्हा अनेकांना वाटलं, व्यासपीठ हेच काय ते सत्तास्थान. ते तसं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मांडव उतरतो, छापलेलं राहतं. हे संपादकाने कुणाला सांगत फिरू नये, पण विसरूही नये.

*

झरी जामणी, मारेगाव, केळापूर या बाजूला कोलामांचे पोड आहेत. बांबूच्या तट्ट्यांचे कूड, वर मातीचा लेप. बाहेरून आलेल्या वास्तुप्रेमीला असं घर दिसलं की तो लगेच म्हणतो, हाच खरा आधुनिकतावाद. हा आळस आहे. कुडाला बाउहाउस म्हटल्याने कूड मोठा होत नाही आणि बाउहाउसही कळत नाही. त्या घरात राहणाऱ्याला विचारलं तर तो आधी पावसाळ्याचं सांगेल, मग वाळवीचं. आणि शेजारी घरकुल योजनेतलं सिमेंटचं घर उभं असेल, ते त्याने मागून घेतलेलं असेल. मालिकेत कुडाचा फोटो आला तर त्याच पानावर घरकुलही हवं, त्याच आकारात. नाहीतर ती वास्तुरचना होत नाही, पर्यटन होतं.

बाउहाउसच्या मालिकेतलं तिसरं पुस्तक एका प्रयोगगृहावर आहे, वायमारला १९२३ साली बांधलेल्या. आराखडे, साहित्य, खोल्या. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, १९३६ ला, सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधींच्या घरासाठी अट होती: खर्च कमीत कमी, सामान आसपासचं. तेही प्रयोगगृहच. त्यावर भक्तीने पुष्कळ छापलं गेलं. भिंतीची जाडी, छपराचा उतार, वळचणीची लांबी यांवर त्या मानाने थोडं. भक्ताला माप विचारणं अशिष्ट वाटतं. संपादकाला वाटू नये. हातात टेप घेऊन कुटीत जाण्याने अनादर होत असेल तर तो गांधींना चालला असता. ते हिशेबाचे पक्के होते.

*

आता जीन.

या जिल्ह्यात आधुनिक म्हणावी अशी इमारत शोधायची तर ती कापसाची जिनिंग-प्रेसिंग. यवतमाळात, वणीत, पांढरकवड्यात. लांबच लांब शेड, लोखंडी कैच्या, पत्र्याचं छप्पर, रुई ओढून नेणारा नळ, गाठी दाबणारा प्रेस, आणि आगीच्या धाकाने बांधलेली पाण्याची टाकी. शोभेसाठी एक वीट नाही. कुणी तिला कला म्हटलं तर मालक संशयाने पाहील, आणि कराचा काही नवा प्रकार आहे का ते विचारील.

ग्रोपिउसने १९१३ मध्ये एका जर्मन वार्षिकात अमेरिका खंडातल्या धान्यकोठारांची छायाचित्रं छापली. गोल, उघडी, अजस्र कोठारं. त्याला युरोपला सांगायचं होतं, बघा, अभियंत्यांनी नकळत काय करून ठेवलं आहे. ल कॉर्ब्युझिएने पुढे त्यांतली काही आपल्या मासिकात आणि १९२३ च्या पुस्तकात घेतली. एका कोठारावर त्रिकोणी माथे होते, जुन्या देवळांच्या धाटणीचे. त्याला ते अडचणीचे झाले. छायाचित्रातून त्याने ते पुसून टाकले.

नव्या वास्तुरचनेच्या सर्वांत प्रभावी पुस्तकातला हा संपादकीय हात. इमारत जितकी नवी हवी होती तितकी नव्हती. मग ब्रशने केली. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते पान पाहिलं आणि त्या कोठारासारखं बांधायला घेतलं, म्हणजे कधीच न बांधलेल्या इमारतीसारखं. मूळ न पाहिलेला वाचक असा फसतो, आणि फसून कधी कधी चांगलंही बांधतो. त्याने खोटं खरं होत नाही.

जीनच्या दर्शनी भिंतीवरही असाच काही मजकूर असतो. वर शुभ-लाभ, मध्ये सिमेंटात उठवलेलं पेढीचं नाव आणि स्थापनेचं साल, दाराला आंब्याची वाळलेली पानं, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती. छायाचित्रकार चौकट अशी धरू शकतो की यातलं काही येणार नाही. फक्त कैच्या आणि सावल्या येतील. चित्र सुंदर होईल. वर्षभर कुणी ना कुणी त्याची वाहवा करील. मारुतीसकट घेतलं तर चित्र गर्दीचं होतं, नजर कुठे ठरत नाही. मी मारुतीसकट घेईन. नजर न ठरणं हे त्या जागेचं लक्षण आहे, आणि शेंदराला साध्या कागदावर उठाव येत नाही ही छपाईची अडचण आहे, वास्तुरचनेची नव्हे.

फोटो कधी काढायचा, हाही प्रश्न आहेच. मे महिन्यात आवार मोकळं. इमारत तळापासून माथ्यापर्यंत दिसते, ल कॉर्ब्युझिए खूश होईल अशी. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की ढिगांनी भिंती निम्म्या झाकतात, दारात गाड्यांची रांग लागते, हवेत तंतू उडतात आणि भिंग पुसत बसावं लागतं. आराखड्यासाठी मे बरा. पण मेमध्ये ती इमारत काही करत नसते. दोन्ही घ्यावेत, समोरासमोरच्या पानांवर, एकाच जागेवरून. खाली महिना लिहावा, शेडची लांबी-रुंदी लिहावी, कैच्या कुठल्या कारखान्यातून आल्या ते लोखंडावर उठवलेलं नाव वाचून लिहावं, आणि त्या वर्षी कापसाला काय भाव होता तेही. छायाचित्रकार म्हणेल, भावाचा इथे काय संबंध. त्याला मेच्या फोटोतला रिकामा काटा दाखवावा, जिथे गाड्या तोलतात.